दगडाचा पापुद्रा

घरांचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा महाद्वारांतून आंत शिरतात आणि दिवाणखान्यांत बसूनच परत फिरतात. खांबांवरील नक्षी, छताचें काम, चौकांतील कारंजें यांचीं वर्णनें आपणांस हवीं तितकीं मिळतात. पण त्याच घरांत जेथें दिवसांतून दोन वेळां अग्नि पेटतो, जेथें घरांतील स्त्रीचें अर्धें आयुष्य जातें, त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला काय लावलें होतें, हें सांगण्याची तसदी फारसा कोणी घेत नाहीं. आम्हीहि आजवर त्याच पंथाचे होतों. महाविद्यालयांत इतिहास शिकवितां शिकवितां केस पांढरे झाले, तरी चुलीमागची भिंत हा इतिहासाचा विषय होऊं शकेल असें आमच्या मनांत कधीं आलें नव्हतें. तो धडा आम्हांस गेल्या वर्षीं एका पडलेल्या भिंतीनें दिला.

भिंत पडली म्हणजे सबंध भिंत पडली असें नव्हे. पडला तो तिच्यावरचा दगड. आमचें घर वडिलार्जित व जुन्या बांधणीचें. चूल जाऊन ओटा आला, ओट्यावर काळा कडप्पा आला, शेगडी आली. पण ओट्यामागची भिंत मात्र तेलकट राहिली. त्या भिंतीला दगड लावावा अशी सूचना घरांतून आली. हल्लीं खऱ्या दगडाच्या बोटभरहि जाडी नसलेल्या चिपा कापून मिळतात. त्या सिमेंटच्या मालांत बसविल्या कीं सारी भिंत दगडी दिसूं लागते. एका ठेकेदाराच्या माणसांनीं दोन दिवसांत काम उरकून दिलें. तिसऱ्या आठवड्यांत एके रात्रीं मोठा आवाज झाला आणि उठून पाहतों तों निम्मा दगड ओट्यावर येऊन पडलेला! सकाळीं ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींना बोलाविलें. त्यांनीं थापीच्या मुठीनें उरलेली भिंत ठोकून पाहिली व ते म्हणाले, "सर, दगडाचा कांहीं दोष नाहीं. ही भिंत इतकीं वर्षें तेल प्यायली आहे. तेलावर माल धरत नाहीं. आधीं टाचे मारायला पाहिजे होते."

त्याच दिवशीं आमचे एक सहाध्यापक समाचारास आले. त्यांनीं ढिगाकडे पाहून निराळाच निकाल दिला. "पडला तें बरेंच झालें," ते म्हणाले, "आंत वीट आणि बाहेर दगड! माणसें ढोंग करतात तेवढें पुरें नाहीं काय, म्हणून आतां भिंतींनींहि करावें?" बोलणें विनोदाचें होतें, पण तें आमच्या मनांत रुतून बसलें. दगडाचा पापुद्रा लावणें हें खरोखरच एक प्रकारचें असत्य आहे काय? आणि असल्यास तें आपल्या काळानें काढलेलें आहे, कीं फार जुनें? या शंकेनें आम्हांस जेथवर नेलें, त्या प्रवासाची हकीगत वाचकांपुढें ठेवीत आहों.

रोमन ग्रंथकार प्लिनी यानें आपल्या निसर्गविषयक विशाल ग्रंथाच्या छत्तिसाव्या भागांत हा प्रश्न मोठ्या आस्थेनें हाताळला आहे. संगमरवराचे पातळ तक्ते कापून भिंतीवर चढविण्याची युक्ति कोणाची, याचा शोध घेतां घेतां तो आशियामायनरच्या किनाऱ्यावरील कॅरिया देशापर्यंत जातो. तेथील राजा मॉसोलस इ. स. पूर्व ३५३ मध्यें वारला. ज्याच्या थडग्याची गणना जगांतील सात आश्चर्यांत झाली तोच हा राजा. हालिकार्नासस येथील त्याच्या वाड्याच्या भिंती विटांच्या असून त्यांवर प्रोकोनेसस बेटावरील संगमरवर चढविला होता, आणि प्लिनीला सांपडलेलें हेंच सर्वांत जुनें उदाहरण. वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हियस हाहि या वाड्याचा उल्लेख करतो. पण त्याचें कौतुक निराळें आहे. एवढा ऐश्वर्यवान् राजा विटांची भिंत बांधावयास लाजला नाहीं, आणि ती भिंत आपल्या काळापर्यंत भक्कम उभी आहे, याचें त्याला अप्रूप वाटतें. एकाच भिंतीकडे पाहून एकाला वरचा दगड दिसावा आणि दुसऱ्याला आंतली वीट दिसावी, ही गोष्ट आमच्या विषयाच्या आरंभींच ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

रोमनगरींत ही चाल आणण्याचें श्रेय, किंवा प्लिनीच्या मतें अपश्रेय, मामुरा नांवाच्या गृहस्थाकडे जातें. हा फॉर्मिए गांवचा. गॉलमधील मोहिमेंत ज्यूलियस सीझरच्या हाताखालीं यंत्रें व बांधकामें यांचा मुख्य अधिकारी होता. तेथें त्यानें अलोट पैसा केला आणि सीलियन टेंकडीवरील आपल्या घराच्या भिंती संगमरवरानें मढवून टाकल्या. कवि कॅटुलस यानें त्याच्या उधळेपणाची यथेच्छ निर्भर्त्सना केली आहे. दगडाचा पापुद्रा रोमच्या घरांत प्रथम आला तो असा नवश्रीमंताच्या हातून, आणि तेव्हांपासून त्याच्यावर दिखाऊपणाचा डाग बसला तो आजवर पुरता पुसला गेलेला नाहीं. प्लिनीचा संताप याहि पलीकडचा आहे. पर्वत हे निसर्गानें पृथ्वीचा सांगाडा म्हणून निर्माण केले. ते फोडून, जहाजांत घालून समुद्रापार न्यावयाचे, आणि तेहि चैनीखातर, हें त्याला पाप वाटतें. इ. स. पूर्व ५८ मध्यें स्कॉरस यानें महिनाभरहि न टिकणाऱ्या एका तात्पुरत्या नाट्यगृहासाठीं ३६० खांब आणविले होते, याची आठवण तो मोठ्या कडवटपणें देतो.

पण प्लिनी नुसता रागावून थांबत नाहीं; दगड कसा कापतात हेंहि तो सांगतो, आणि तो भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. कापणाराला वाटतें करवत कापते. खरें कापते ती वाळू. लोखंडाचें बिनदांत्यांचें पातें एका बारीक रेषेवर वाळूला दाबून पुढें-मागें ओढतें, आणि त्या घर्षणानें दगड झिजत जातो. सर्वांत चांगली वाळू इथिओपियाची. हिंदुस्थानांतून येणाऱ्या वाळूचेंहि नांव तो घेतो, मात्र ती तितका गुळगुळीत काप देत नाहीं अशी तक्रार करतो. यापुढें तो कारागिरांची एक लबाडी सांगतो. जाड वाळू वापरली म्हणजे काम लवकर होतें. पण काप रुंद पडतो, दगड अधिक खाल्ला जातो, पृष्ठभाग खडबडीत राहतो, आणि तो घांसून घांसून साफ करतांना तक्ता आणखी पातळ होतो. दोन हजार वर्षांपूर्वींचें हें वाक्य वाचतांना आम्हांस आमचा ठेकेदार आठवला. घाई ही कोणत्याहि काळांत दगडालाच भोंवते, आणि तिचा पत्ता गिऱ्हाइकाला उशिरां लागतो.

पुढें रोमन साम्राज्यांत ही कला सार्वत्रिक झाली. आपण विटांची नगरी घेतली व संगमरवराची ठेवून जात आहों अशी ऑगस्टस बादशहाची प्रौढी प्रसिद्ध आहे. पण त्या नगरींत वीट मेली नव्हती, ती पुष्कळ ठिकाणीं दगडाआड गेली होती. भिंत विटांची अथवा चुना-खडीच्या काँक्रीटची. तिच्यावर चुन्याच्या मालाचा जाड थर. त्या थरांत खापऱ्यांचे व दगडाचे तुकडे दाबलेले. आणि त्यावर तक्ता, जागोजाग ब्राँझच्या अथवा लोखंडाच्या आंकड्यांनीं भिंतीशीं जखडलेला. आज रोममधील उघड्याबोडक्या विटांच्या भिंतींवर जीं ओळीनें भोंकें दिसतात, त्यांतील पुष्कळ या आंकड्यांचीं आहेत. साम्राज्य गेल्यावर लोकांनीं दगड काढून नेला, कांहीं भट्ट्यांत घालून त्याचा चुना केला, आणि आंकड्यांची धातु उपटून विकली. ज्या मामुरांनीं पापुद्रे चढविले ते गेले, पापुद्रेहि गेले. राहिली ती व्हिट्रूव्हियसची वीट.

येथवरचा इतिहास धनिकांचा झाला. त्यांत स्वयंपाकघर कोठें आहे? याचें उत्तर आम्हांस पाँपेईंत मिळालें. इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हियस ज्वालामुखीनें जें शहर गाडलें, त्यांतील श्रीमंतांच्या दिवाणखान्यांना रंगीत दगड होता, पण त्यांचीं स्वयंपाकघरें साधींच होतीं: दगडमातीचा ओटा, त्यावर कोळशाचा विस्तव, मागें चुन्याचा गिलावा. दगड लावीत तो पाहुण्यांसाठीं. चुलीपाशीं राबणाऱ्या गुलामासाठीं तो कोण लावणार? मात्र त्याच शहराच्या रस्त्यांवर शिजवलेलें अन्न व दारू विकणारीं लहान लहान दुकानें होतीं. त्यांचे ओटे चुना-दगडाचे असून त्यांत मोठे रांजण बसविलेले असत, आणि कित्येक ओट्यांच्या दर्शनी बाजूला रंगीबेरंगी संगमरवराचे वेडेवांकडे तुकडे जडविलेले आहेत. हे तुकडे म्हणजे थोरामोठ्यांच्या घरांचें काम होऊन उरलेली अथवा मोडलेल्या कामांतून निघालेली भरड. ती दुकानदारानें आपल्या ओट्याला जुळवून लावली. यांत दिखाऊपणा नव्हताच असें आम्ही म्हणत नाहीं. पण अन्न सांडतें, तेल उडतें, आणि दगड पुसतां येतो, हेंहि त्या दुकानदारास ठाऊक असलेंच पाहिजे. आमच्या ओट्यामागील भिंतीचा खरा पूर्वज मामुराचा महाल नव्हे. तो या दुकानदाराचा ओटा होय. आणि नियतीचा खेळ असा कीं ज्या उद्रेकानें हे ओटे आपल्यासाठीं राखून ठेवले, त्याच उद्रेकांत संगमरवराचा निंदक प्लिनी स्टाबिएच्या किनाऱ्यावर मरण पावला.

कॉन्स्टँटिनोपल येथील हागिया सोफियाचें मंदिर ५३७ मध्यें पुरें झालें. तेथील कारागिरांनीं पापुद्र्यालाच शोभेचें साधन केलें. एकच शिळा मधोमध कापावयाची आणि पोथीचीं दोन पानें उघडावीं तशीं तीं दोन अंगें शेजारीं शेजारीं बसवावयाचीं, म्हणजे दगडांतील शिरा एकमेकींचें प्रतिबिंब होतात. अखंड शिळा कितीहि थोर असली तरी हें सौंदर्य तिच्या पोटांत दडलेलें असतें; तें कापल्यावांचून दिसत नाहीं. व्हेनिसच्या सेंट मार्क मंदिराच्या विटांच्या भिंतीहि अशाच मढविलेल्या आहेत, आणि त्यांतील बराच दगड १२०४ मध्यें धर्मयोद्ध्यांनीं कॉन्स्टँटिनोपल लुटलें त्या लुटींतील आहे. याच मंदिरापुढें उभें राहून रस्किननें आमच्या सहाध्यापकांचाच प्रश्न एकोणिसाव्या शतकांत विचारला. वास्तुकलेंतील असत्याचा एवढा कट्टर वैरी दुसरा झाला नसेल. तरी त्यानें या मढवणुकीला निर्दोष ठरविलें. त्याचा युक्तिवाद असा, कीं तक्ता पातळ आहे हें येथें कोणी लपवीत नाहीं. त्याचे सांधे दिसतात, खिळे दिसतात. चिलखत घातलेला योद्धा आपण लोखंडाचा आहों असें भासवीत नाहीं. पांघरूण आणि सोंग यांत भेद आहे. सोंगाला सांधा लपवावा लागतो.

आतां स्वदेशाकडे वळूं. आमच्या महाराष्ट्रांत या कथेचा प्रवाह उलटा वाहिलेला दिसतो. रोमनांनीं विटेवर दगड चढविला. अजिंठ्याच्या कारागिरांनीं अस्सल कातळावर माती चढविली. लेणें कोरून झाल्यावर भिंतींना माती, भाताचा तूस व वनस्पतींचे तंतु यांचा लेप दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरविला, आणि मग चित्रें काढलीं. वेरूळचें कैलास लेणें तर एका डोंगरांतून खोदून काढलेलें. पण त्याच्यावरहि गिलावा व रंग होता, आणि त्याचे अवशेष अद्याप दिसतात. ज्या देशांत दगड पायाखालीं पसरलेला आहे, तेथें दगडाचें सोंग घेण्याची गरज कोणास वाटणार? येथें लेपाचाच मान मोठा.

मराठेशाहींतहि दगड वाड्याच्या जोत्यापाशींच बहुधा थांबतो. पहिल्या बाजीरावानें १७३० त आरंभिलेल्या शनिवारवाड्याविषयीं अशी दंतकथा सांगतात, कीं जोतें दगडाचें होतांच साताऱ्याहून हरकत आली: दगडी वाडा बांधणें हा छत्रपतींचा अधिकार, म्हणून वरचें काम विटांचें झालें. कथा खरी असो वा नसो, दगड हा केवळ पदार्थ नसून दर्जा आहे ही समजूत तींत स्पष्ट दिसते.

पण दगड आणि दर्जा यांची खरी ओढाताण पाहावयाची तर औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरांत, बीबी-का-मकबऱ्यापुढें उभें राहावें. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू १६५७ मध्यें वारली. तिच्यासाठीं ही वास्तु उठली. डोळ्यांपुढें आदर्श ताजमहालाचा. ताजहि आंतून विटेचाच, पण त्याला मकराण्याचा संगमरवर आपादमस्तक चढविलेला आहे. येथें तेवढी ऐपत नव्हती, कीं तेवढी इच्छा नव्हती, कोण जाणे! ६,६८,२०३ रुपये ७ आणे इतका खर्च झाल्याचें नमूद आहे. संगमरवर उत्तरेंतून आणविला. फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये यानें सुरतेहून येतांना संगमरवरानें लादलेल्या ३०० गाड्या पाहिल्याचें लिहिलें आहे, आणि त्यांतल्या लहानांत लहान गाडीलाहि १२ बैल होते. इतकें करूनहि भिंतींना संगमरवर पुरला तो कमरेच्या पट्टीपर्यंत. त्यावर आमचा काळा कातळ, त्यावर घोटून गुळगुळीत केलेला शुभ्र गिलावा, आणि घुमट तेवढा पुन्हा संगमरवराचा. हात पोंचतो तेथें दगड, नजर पोंचते तेथें चुना, आणि लोक लांबून पाहतात तेथें पुन्हा दगड!

भिंतीच्या खालच्या अंगास मढविलेल्या या पट्टीला वास्तुशास्त्रांत डॅडो म्हणतात. हा शब्द ऐकून आम्ही चमकलों. कारण आमचे मिस्त्री ओट्यामागच्या दगडाला हाच शब्द वापरीत होते. "सर, डॅडो किती उंच घ्यायचा?" असें ते विचारीत, तेव्हां आपण बेगमेच्या थडग्याची परिभाषा बोलत आहों याची त्यांना कल्पना नसावी, आणि आम्हांसहि नव्हती.

स्वयंपाकघरांत मात्र हा डॅडो अगदीं अलीकडचा पाहुणा. आमच्या आजीच्या वेळीं चूल जमिनीवर, स्वयंपाक करणारी पाटावर, आणि भिंत शेणामातीनें सारविलेली. भिंत धुरानें काळी होई. सणवार आला कीं पुन्हा लेप बसे. तेथें स्वच्छता म्हणजे नवेपणा: जुना थर झांकून नवा थर देणें. ओटा आला आणि स्वयंपाक उभ्यानें होऊं लागला, तशी फोडणी थेट भिंतीवर उडूं लागली. शेण-माती गेली, गिलावा व तैलरंग आला, आणि स्वच्छता म्हणजे पुसणें असा नवा अर्थ रूढ झाला. पुसावयाचें तर पृष्ठभाग कठीण हवा. सारवणाऱ्या हातांना दगडाची गरज नव्हती. पुसणाऱ्या हातांना आहे. दगड स्वयंपाकघरांत शिरला तो असा, ऐटीनें नव्हे, गरजेनें.

आतां आमच्या भिंतीचा शेवट सांगून हा लेख पुरा करतों. मिस्त्रींनीं उरलेला दगड उतरविला आणि सैल झालेला गिलावा खरवडावयास आरंभ केला. वरचा तैलरंग निघाला. त्याखालीं चुन्याचे हात, एकावर एक, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. त्याखालीं काजळीचा काळाभोर थर. आणि त्या काळ्या थरांत खिळ्यानें ओढलेल्या पांढऱ्या उभ्या रेघा, ओळींमागून ओळी! आम्हीं मिस्त्रींचा हात धरला. पाषाणावरील अक्षरें लावण्यांत आमचा जन्म गेला. पण हा लेख आम्हांस लागेना. शेवटीं मातोश्रींना हाताला धरून आणलें. त्यांनीं चष्मा नीट केला आणि क्षणांत वाचलें. "अरे, हा दुधाचा रतीब. तुझ्या आजीच्या हातचा. एक रेघ म्हणजे एक शेर. तिला लिहितां येत नव्हतें ना!"

आम्ही म्हणालों, तेवढा भाग राखूं. वर कांच बसवूं. भोंवतालीं दगड लागूं दे. हें बोलतांना आमचा गळा दाटून आला होता, हें कबूल करण्यास हरकत नाहीं. एका निरक्षर स्त्रीनें आपल्या हातानें लिहिलेला एवढाच काय तो दस्तऐवज, आणि तो आमच्याच हातून पुसला जाणार! मातोश्री कांहीं वेळ रेघांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "दूधवाल्याचे पैसे त्याच महिन्यांत दिले होते. चुकता झालेला हिशेब कशाला राखायचा? आणि तिथें फोडणी उडणार. तुझी कांच रोज पुसायची कोणी?"

या प्रश्नाचें उत्तर प्लिनीपाशीं नव्हतें, रस्किनपाशीं नव्हतें, आणि आमच्यापाशीं तर मुळींच नव्हतें. ज्या हातांनीं ती भिंत सारविली आणि पुढें पुसली, त्यांचा तिच्यावरील अधिकार आमच्याहून जुना होता. आम्हीं वहींत रेघा मोजून उतरून घेतल्या, आणि मिस्त्रींना खूण केली. त्यांनीं सबंध भिंतीला टाचे मारले, ती धुऊन भिजविली, मालाचा पहिला हात देऊन तो ओला असतांनाच त्यावर खरडे ओढले, आणि तो मुरूं दिला. मग ओट्यापासून वर एकेक चीप, पाठीला पोकळी राहूं न देतां पुरा माल लावून, दाबून बसविली. तेल-हळदीचे डाग मुरूं नयेत म्हणून शेवटीं दगडाला संरक्षक द्रव पाजला. आठ दिवस लागले.

खिडकीकडच्या कडेला दगडाची जाडी उघडी पडत होती. ती पट्टी लावून झांकूं काय, असें मिस्त्रींनीं विचारलें. "नको," आम्ही म्हणालों, "राहूं द्या." आज तेथें उभें राहिलें म्हणजे बोटभर दगड, त्यामागें माल, त्यामागें वीट अशा तीन रेषा स्वच्छ दिसतात. सहाध्यापक परवां पुन्हा आले होते. त्यांनीं ती कड बोट फिरवून पाहिली आणि चहा मागितला. मातोश्री त्या वेळीं ओल्या फडक्यानें दगड पुसीत होत्या.